जुनी पट्टी कुठंय?

(पोस्ट मोठी आहे. घरात बीपी, शुगर किंवा सिकलसेलचं माणूस असेल तर मात्र शेवटपर्यंत वाचा.)

छातीत दुखतंय म्हणून माणूस दवाखान्यात आला की आधी ईसीजी निघतो. गुलाबी चौकटींची ती पट्टी हातात घेऊन डॉक्टर दोन क्षण बघतात आणि नातेवाइकांना विचारतात, "आधी कधी काढला होता का? जुनी पट्टी कुठंय?"

आपल्या नंदुरबार जिल्ह्यात या प्रश्नाला बहुतेक वेळा उत्तर मिळत नाही. एक तर ईसीजी कधी काढलेलाच नसतो. काढलेला असला तर ऑपरेशनच्या फिटनेससाठी काढलेला, आणि तो त्या दवाखान्याच्या फाइलमध्येच राहिलेला. घरी असलाच तर पत्र्याच्या पेटीत, पार कोरा पडलेला.

डॉक्टर हा प्रश्न उगाच विचारत नाहीत. बीपी, मधुमेह, किडनी, सिकलसेल असा वर्षानुवर्षं चालणारा आजार असलेल्या माणसाच्या हृदयाला पुढे किती धोका आहे, हे एका पट्टीवरून थोडंसं कळतं. दोन-चार वर्षांच्या अंतरानं काढलेल्या दोन पट्ट्या शेजारी ठेवल्या की खूप जास्त कळतं. ही साधी वाटणारी गोष्ट वैद्यकशास्त्राला उमगायला अर्धं शतक लागलं. आपल्या जिल्ह्यात मशीनं येतायत, मोबाइलवरून ईसीजी पाठवायची सोय येतेय, पण पट्टी जपून ठेवायची पद्धत काही येत नाही. ते का, हे समजायला थोडं मागे जावं लागेल.

ईसीजीची गोष्ट लंडनपासून सुरू होते. १८८७ साली ऑगस्टस वॉलर यांनी माणसाच्या हृदयातल्या विजेची पहिली नोंद घेतली. जिमी नावाच्या आपल्या पाळीव कुत्र्याचे पाय मिठाच्या पाण्यात बुडवून ते लोकांना हा प्रयोग करून दाखवायचे. पण यातून रुग्णाच्या उपयोगाचं काही निघेल असं खुद्द वॉलरनाही फारसं वाटत नव्हतं. तो उपयोग काढला नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठाच्या विलेम आइंटहोवेन यांनी. हा माणूस जन्मला जावा बेटावर, डच वसाहतीत. १९०१ च्या सुमारास त्यांनी तयार केलेल्या यंत्रात क्वार्ट्झची अतिशय बारीक तार होती, केसाहून कितीतरी बारीक. ती बनवायची पद्धत भिल्लांच्या मुलखात सांगण्यासारखी आहे: क्वार्ट्झ वितळवायचं, बाणाला लावायचं आणि धनुष्यातून बाण सोडायचा. बाणामागे जी तार ओढली जाते ती वापरायची! जगातला पहिला कामाचा ईसीजी धनुष्यबाणातून निघाला असं म्हटलं तरी चालेल.

यंत्राचं वजन मात्र अडीचशे किलोच्या वर. चालवायला पाच माणसं. रुग्णानं दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसायचं. आता हे धूड दवाखान्यात नेणार कसं? आणि आजारी माणसाला प्रयोगशाळेत आणणार कसं? आइंटहोवेन यांनी दोन्ही केलं नाही. दवाखाना आणि प्रयोगशाळा यांच्यात दीड किलोमीटरची टेलिफोनची तार होती, तिच्यावरून हृदयाचा सिग्नल आणला. तारीख २२ मार्च १९०५. त्या दिवशीचा माणूस तर धडधाकट होता, प्रयोगशाळेतून सायकल मारत दवाखान्यात गेला होता, आणि रेघेतले उंच सुळके त्या सायकलमुळे आले असावेत असं आइंटहोवेन यांनी लिहून ठेवलं!

म्हणजे आज 'टेली-ईसीजी' म्हणून ज्याची उद्घाटनं होतात, फिती कापल्या जातात, ती कल्पना ईसीजीइतकीच जुनी आहे. अंतराचा प्रश्न १९०५ सालीच सुटला होता. पुढच्या वर्षी, १९०६ ला, आइंटहोवेन यांनी वेगवेगळ्या आजारी हृदयांच्या रेघा छापल्या. त्यात हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड झाल्यावर रेघ कशी दिसते, तेही होतं. ही जाड भिंत लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. त्याच १९०६ साली आपल्याकडे इंग्रजांनी खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे केले आणि नंदुरबार पश्चिम खानदेशात गेलं. आइंटहोवेन यांना १९२४ ला नोबेल मिळालं.

आता शिकागोला जाऊ. तिथे जेम्स हेरिक नावाचे डॉक्टर होते, आणि नंदुरबारच्या माणसाला त्यांचं नाव ठाऊक असायलाच हवं. १९०४ च्या डिसेंबरात त्यांच्या वॉर्डात वॉल्टर क्लेमेंट नोएल नावाचा तरुण दाखल झाला. कॅरिबियन समुद्रातल्या ग्रेनाडा बेटावरून दातांचा डॉक्टर व्हायला आलेला विद्यार्थी. खोकला, ताप. वर्षभर छातीत धडधड होत होती आणि दम लागत होता, ते त्याला विडी-सिगारेटमुळे वाटत होतं. हेरिक यांच्या हाताखालच्या अर्नेस्ट आयर्न्स या शिकाऊ डॉक्टरनं त्याचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं, तर तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकलेल्या. १९१० ला हेरिक यांनी ते प्रसिद्ध केलं. सिकलसेलचं वैद्यकीय साहित्यातलं ते पहिलं वर्णन. नोएल शिक्षण पुरं करून आपल्या बेटावर परतला, दवाखाना काढला आणि १९१६ ला न्यूमोनियानं गेला. वय अवघं बत्तीसच्या आसपास.

याच हेरिक यांनी १९१२ साली दुसरा एक लेख लिहिला. हृदयाची रक्तवाहिनी अचानक बंद पडली की माणूस तिथल्या तिथे मरतो अशी तोवरची समजूत. हेरिक म्हणाले, तसं नाही, माणूस जगू शकतो, आणि जिवंत असताना हा आजार ओळखता येतो. आज आपण ज्याला हार्ट अटॅक म्हणतो त्याची ओळख इथून सुरू झाली. लेखाकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. मग हेरिक यांनी ईसीजी धरला. त्यांचे सहकारी फ्रेड स्मिथ यांनी कुत्र्यांच्या रक्तवाहिन्या बांधून रेघेत काय बदलतं ते १९१८ ला दाखवलं, आणि १९१९ ला हेरिक यांनी रुग्णाच्या ईसीजीसकट पुन्हा मांडणी केली. तेव्हा लोकांनी ऐकलं.

एकाच डॉक्टरनं सिकलसेल आणि हार्ट अटॅक ही दोन्ही दारं उघडली. पण पुढे त्या दोन वाटा वेगळ्याच गेल्या. सिकलसेल रक्ताच्या डॉक्टरांकडे आणि मुलांच्या डॉक्टरांकडे गेला. ईसीजी हृदयाच्या डॉक्टरांकडे, म्हणजे मुख्यतः शहरांतल्या, गोऱ्या, मध्यमवयीन पुरुषांकडे. धडगाव-अक्कलकुव्यात एकाच घरात, कधी एकाच अंगात, दोन्ही आजार भेटतात. तिथे ही फारकत नडते.

'धोका' हा शब्द मात्र फार पुढे आला. तोवर ईसीजी आजार झाल्यावर बघायची गोष्ट होती. १९४८ साली अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम या गावात ५,२०९ स्त्री-पुरुषांना घेऊन एक अभ्यास सुरू झाला. दर दोन वर्षांनी सगळ्यांची तपासणी, आणि प्रत्येक वेळी ईसीजी. आजारी असो नसो. आपल्याकडे कुणी म्हणेल, काही होत नसताना कशाला? पण त्यातूनच कळलं. १९६१ साली या मंडळींनी हृदयरोगाचे 'धोक्याचे घटक' मांडले. हा शब्दप्रयोग रुळला तो तिथूनच. त्यात वाढलेलं बीपी होतं, कोलेस्टेरॉल होतं, आणि ईसीजीवर दिसणारी डाव्या कप्प्याची जाड भिंतही होती. वर्षानुवर्षं जास्त दाबावर रक्त ढकलून हृदयाचा स्नायू फुगतो, जसा रोज ओझं उचलणाऱ्याचा दंड फुगतो. फरक इतकाच की दंड फुगला तर माणूस ताकदवान होतो, हृदय फुगलं तर पुढे थकतं.

फ्रेमिंगहॅमचं याहून धक्कादायक निरीक्षण १९८४ साली आलं. तीस वर्षांच्या नोंदी तपासल्यावर दिसलं, की जेवढे हार्ट अटॅक आले त्यांतले पुरुषांमध्ये २८ टक्के आणि बायकांमध्ये ३५ टक्के कुणाच्या लक्षातच आले नव्हते. ना रुग्णाच्या, ना डॉक्टरच्या. त्यांतल्या जवळपास निम्म्यांना तर काहीच जाणवलं नव्हतं. बाकीच्यांना वाटलं असेल पित्त, गॅस, अंगदुखी. हे कळलं कसं? दोन वर्षांपूर्वीच्या पट्टीत नसलेली खूण नव्या पट्टीत होती म्हणून. आणि असे गुपचूप अटॅक पचवणाऱ्यांचं पुढचं आयुष्य काही सुरक्षित नव्हतं. मधुमेहात नसा बधिर होतात, त्यामुळे छातीतली कळ जाणवायची यंत्रणाच कमजोर होते. शुगरच्या रुग्णानं "मला कधी छातीत दुखलं नाही" म्हणणं ही म्हणूनच फार भरवशाची गोष्ट नाही.

आता यावर कुणी म्हणेल, मग काढा की सगळ्यांचे ईसीजी. नाही! इथे थांबायला हवं. नेत्याच्या वाढदिवसाला मोफत ईसीजी शिबिर लागतं, रांगेत पंचविशीतली पोरं उभी राहतात, आणि "सगळं नॉर्मल" असा शिक्का घेऊन घरी जातात. त्याचा काडीचा उपयोग नाही. अमेरिकेतल्या सरकारनेमल्या तज्ज्ञगटानं २०१८ साली स्पष्ट सांगितलं, की ज्याला त्रास नाही आणि ज्याचा धोका मुळात कमी आहे त्याचा ईसीजी धोका मोजायला काढू नये. फायदा नाही, उलट शंकास्पद रेघ निघाली की पुढच्या तपासण्यांचा ससेमिरा लागतो. ईसीजी म्हणजे त्या दहा सेकंदांतली हृदयाची वीज. रक्तवाहिनीत किती चरबी साठलीय हे त्यात दिसत नाही. नॉर्मल पट्टी घेऊन घरी गेलेला माणूस आठवड्यात अटॅकनं जाऊ शकतो, जातो.

सर्वसाधारण माणसाचा धोका मोजायला जागतिक आरोग्य संघटनेचे तक्ते आहेत, २०१९ साली नव्यानं केलेले, दक्षिण आशियासाठी वेगळे. वय, स्त्री की पुरुष, तंबाखू ओढता का, बीपी किती, शुगर आहे का, कोलेस्टेरॉल किती. कोलेस्टेरॉल तपासायची सोय नसेल तर उंची-वजनावरून चालतं. ईसीजी त्यात नाहीच. आशाताईच्या पिशवीतला फॉर्म आणि उपकेंद्रातलं बीपीचं मशीन एवढ्यावर हे काम होतं. आधी ते नीट झालं पाहिजे, यात वाद नाही.

ईसीजीचं काम त्यानंतर सुरू होतं, ज्याला आजार जडलेलाच आहे त्याच्यासाठी. आंतरराष्ट्रीय उच्चरक्तदाब संघटनेनं २०२० ला गरीब देशही डोळ्यांसमोर ठेवून मार्गदर्शक सूचना काढल्या. बीपीच्या रुग्णाच्या किमान आवश्यक तपासण्यांत त्यांनी ईसीजी ठेवलाय. मधुमेहात काहीही त्रास नसताना दरवर्षी काढावा की नाही यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. माझं मत विचाराल तर पहिला एक तरी काढून जपून ठेवावाच, दरवर्षीचा आग्रह नाही.

बीपीच्या बाबतीत आपल्या मुंबईचाही इतिहास आहे. १९४९ साली केईएमचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचा ५० रुग्णांवरचा अनुभव ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला. आपल्या वैद्यांना ती मुळी पिढ्यान्‌पिढ्या माहीत होती. वकिलांच्या त्या लेखानं बीपी गोळीनं उतरवता येतं हे जगाच्या नजरेत आणलं. १९५७ ला त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. त्याआधी ईसीजीवर जाड भिंत दिसली तरी डॉक्टर करणार काय होते? गोळी आल्यावर ती रेघ नुसतं भविष्य सांगणारी न राहता उपचार लागू पडतोय की नाही हे सांगणारी झाली. पुढे लाइफ नावाच्या मोठ्या अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष २००२ पासून आले, ईसीजीवर जाड भिंत दिसणारे ९,१९३ बीपीचे रुग्ण घेतले आणि त्यांचे पुन्हा पुन्हा ईसीजी काढले. ज्यांच्या रेघेतली ती खूण उपचारांनी ओसरत गेली त्यांच्यात अटॅक, लकवा आणि मृत्यू कमी. बीपीचा आकडा कितीही उतरला असो, रेघेचा हा इशारा वेगळा उरत होता. म्हणजे पुन्हा तेच. धोका कळतो तो बदलातून, आणि बदल बघायला आधीची पट्टी लागते.

आता आपल्या जिल्ह्याकडे या. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झालेला जिल्हा, सहा तालुके, २०११ च्या जनगणनेत साडेसोळा लाखांच्या आसपास लोक, त्यांत ६९ टक्के आदिवासी. नंदुरबार म्हटलं की बाहेरच्यांना कुपोषण आठवतं, बाळंतपणात दगावलेल्या बाया आठवतात, झोळीतून आणलेले रुग्ण आणि नर्मदेतला तरंगता दवाखाना आठवतो. ते सगळं खरंय. पण त्यामुळे एक समज पक्का झालाय की बीपी-शुगर-हृदय हे शहरातल्या खात्यापित्या लोकांचे आजार. तिकडे गडचिरोलीत 'सर्च' संस्थेनं ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणं शोधली, २०१५ ला ते छापून आलं. सर्वांत मोठं कारण निघालं लकवा. सातातला एक मृत्यू! लकव्याच्या मागे बीपी असतं, आणि काही वेळा हृदयाची अनियमित धडधड असते, जी ईसीजीवर दिसते आणि जिच्यावर औषध आहे. सातपुड्यात चित्र फार वेगळं असेल असं मानायला मला कारण दिसत नाही.

आणि आपल्याकडे वर सिकलसेल आहे. भारतात हा आजार पहिल्यांदा नोंदला गेला १९५२ साली, निलगिरीच्या डोंगरात. महाराष्ट्रातल्या आदिवासी जमातींचं रक्त तपासायचं काम पुण्याच्या डॉ. एस. एल. काटे यांनी वर्षानुवर्षं केलं. भिल्ल, पावरा अशा जमातींत पाचातला एक जण वाहक, हे त्यातूनच पुढे आलं. वाहकाला सहसा त्रास नसतो. ज्याला आई आणि बाप दोघांकडून हा वारसा मिळतो त्याची गोष्ट वेगळी. रक्त कायम कमी, म्हणून हृदयाला कायम जादा पळावं लागतं. कप्पे मोठे होतात. फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्यांत दाब वाढतो आणि उजवी बाजू ताणली जाते. विजेचा ठोका पुरा व्हायला वेळ जास्त लागू लागतो, त्याला डॉक्टर क्यूटी लांबणं म्हणतात, आणि त्यातून अचानक मृत्यू ओढवू शकतो. पूर्वी सिकलसेलची मुलं लहानपणीच जायची. आता हायड्रॉक्सीयुरियासारखी औषधं आहेत, मुलं मोठी होतायत, तिशी-चाळिशी गाठतायत. हृदयाचा प्रश्न उभा राहतो तो नेमका याच वयात. नोएलला जी धडधड सिगारेटमुळे वाटत होती, ती आपल्याकडच्या पोराला उन्हामुळे नाहीतर अशक्तपणामुळे वाटते.

इथे एक तांत्रिक गोष्ट सांगतो, जरा धीर धरा. जाड भिंत ओळखायचा सर्वांत प्रसिद्ध नियम सोकोलो आणि ल्यॉन या दोघांनी १९४९ साली अमेरिकेत दिला. छातीवरच्या ठरावीक दोन जागांवरच्या लाटांची उंची मिळवायची, ३५ मिलिमीटर किंवा जास्त भरली तर भिंत जाड समजायची. पण हृदय आणि इलेक्ट्रोड यांच्यामध्ये मांस-चरबी जेवढी कमी तेवढी लाट उंच येते. हाडकुळ्या, तरुण माणसात काही आजार नसतानाही ३५ ओलांडतात. उलट लठ्ठ माणसात खरी जाड भिंतसुद्धा लपते. मोलगीच्या बाजूचा पंचेचाळीस किलोचा मजूर मशीनवर झोपला, तर ते वर इंग्रजीत छापून देणार 'डावा कप्पा जाड'. खरा की खोटा? एका पट्टीवरून सांगणं अवघड. त्याच माणसाची तीन वर्षांपूर्वीची पट्टी असेल आणि ती अगदी अशीच असेल, तर बहुधा त्याची ठेवणच तशी. तेव्हा २५ होते आणि आता ४० आहेत, तर काळजीचं.

कृत्रिम बुद्धिमत्ता हे करेल असं आता सांगतात. करेलही. मेयो क्लिनिकनं २०१९ ला दाखवलं की संगणक ईसीजीवरून हृदयाची कमजोर पंपिंग ओळखू शकतो. पण तो संगणक तिथल्या रुग्णांच्या हजारो पट्ट्यांवर शिकला. पावरा-भिल्लांच्या, सिकलसेलच्या हृदयांच्या पट्ट्या आपण साठवल्याच नाहीत तर तो शिकणार कशावर?

अजून एक गोष्ट, जी अहवालात कधी येत नाही. ईसीजीला छाती उघडी करावी लागते. ईसीजी काढणारा पुरुष, बाजूला पडदा नाही, बाहेर रांग. बाई संकोचते, तंत्रज्ञही संकोचतो, इलेक्ट्रोड पदराआडून अंदाजानं लागतात, इंच-दोन इंच वर सरकतात. लाटा बदलतात. त्या पट्टीवरून कधी नसलेला आजार दिसतो, कधी असलेला लपतो. ज्यांचे अटॅक जास्त प्रमाणात लक्षात येत नाहीत त्या बायकाच, हे वर फ्रेमिंगहॅममध्ये बघितलंच. एक पडदा आणि एक नर्सताई, एवढा खर्च आहे हा.

व्यवस्थेला हे जमत नाही असं नाही, आणि मला राग येतो तो इथे. बिघडलेल्या टीबीसाठी बेडाक्विलीन नावाचं औषध आपल्या देशात २०१६ पासून सरकारी कार्यक्रमात आलं. या औषधानं क्यूटी लांबू शकतो. म्हणून नियम असा, की औषध सुरू करण्याआधी ईसीजी, सुरू झाल्यावर ठरलेल्या वेळी पुन्हा ईसीजी, प्रत्येकाचा क्यूटी मोजून रुग्णाच्या कागदावर लिहायचा आणि आधीच्याशी ताडून बघायचा. हेच डॉक्टर, हीच मशीनं, हेच गरीब रुग्ण. कारण काय, तर कार्यक्रमाच्या कागदात तो रकाना आहे. आणि बीपी-शुगरच्या कार्यक्रमात? २०१० ला सुरू झालेला हा राष्ट्रीय कार्यक्रम, तिशीवरच्या प्रत्येकाची तपासणी, त्यात बीपी, शुगर आणि तीन प्रकारचे कॅन्सर. त्यानंतर गोळी. आधीची पट्टी विचारणारा रकाना नाही. सिकलसेलचं राष्ट्रीय मिशन १ जुलै २०२३ ला शहडोलहून सुरू झालं, ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायचं उद्दिष्ट. कार्ड मिळतं, वाहक की रुग्ण ते कळतं, लग्न जुळवताना बघायला सांगतात. चांगलंच आहे. पण कार्ड मिळाल्यावर त्या रुग्णाच्या हृदयाचं काय, याची नोंद त्या कार्डावर नाही.

महात्मा फुले योजनेत अँजिओप्लास्टी होते, हे मोठंच काम झालंय, त्याबद्दल दुमत नाही. पण अटॅक आल्यावरचे पैसे आहेत, आणि अटॅकआधी दोन-तीन वर्षांतून एकदा निघणाऱ्या पट्टीचं कुठल्याच खात्यावर नाव नाही. मशीनचं कारण तर आता सांगूच नका. भाभा अणुसंशोधन केंद्रानं तळहातावर मावणारं बारा लीडचं टेली-ईसीजी यंत्र कधीच तयार केलंय, मोबाइलला जोडून चालतं. जिल्ह्यात २०२० पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे, पट्टी वाचू शकणारी माणसं आता सुरतेला किंवा नाशिकलाच शोधावी लागतात असंही नाही.

राहिला प्रश्न पट्टी ठेवायची कुठे. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. बोटांचे ठसे आणि डोळ्यांची बुबुळं सर्व्हरवर गेली. आता आरोग्याचं 'आभा' खातंही आहे. ज्या जिल्ह्यातल्या माणसाचं बुबुळ साठवता येतं, त्याच्या हृदयाची दहा सेकंदांची रेघ साठवता येत नाही, हे मला पटत नाही. आणि आपल्याकडे याची गरज इतर जिल्ह्यांहून जास्त, कारण आपली माणसं एका जागी राहत नाहीत. दिवाळी झाली की ऊसतोडीला बारडोली-सुरतकडे टोळ्या निघतात. यान ब्रेमन या डच अभ्यासकानं १९७७-७८ मध्येच बारडोलीच्या कारखान्यांवरच्या खानदेशी तोडकऱ्यांचं जिणं लिहून ठेवलंय. ऊस तोडायचा, मोळ्या बांधून उचलायच्या, आणि बीपीच्या गोळ्यांचं पाकीट घरी निघतानाच संपलेलं. तिकडे छातीत दुखलं तर गुजरातेतला डॉक्टर गुजरातीत तोच प्रश्न विचारतो. पट्टी इकडे पेटीत, कोरी.

मागणी फार मोठी नाही. जिल्हा परिषदेत, रुग्ण कल्याण समितीत जे बसतात त्यांनी एवढं विचारावं: बीपीचा, सिकलसेलचा आणि ज्याला दहा वर्षांहून जास्त शुगर आहे असा रुग्ण, यांचा पहिला ईसीजी निघाला का, त्याचा फोटो आभावर चढला का, आणि पुढचा कधी? काढायला बाई आहे का आणि पडदा आहे का? एवढे रकाने फॉर्मवर आले तरी पुष्कळ.

तोपर्यंत घरच्यांसाठी. ईसीजीचा कागद थर्मल असतो, बसच्या तिकिटासारखा. ऊन, उष्णता, प्लास्टिकचं पाकीट यांनी रेघ उडते. लॅमिनेशन तर अजिबात करू नका, मशीनच्या उष्णतेनं अख्खा कागद काळा पडतो. ज्या दिवशी निघाला त्याच दिवशी उजेडात सपाट ठेवून मोबाइलवर फोटो काढा, चारही कडा दिसल्या पाहिजेत, चौकटी मोजता आल्या पाहिजेत. कागदावर नाव आणि तारीख नसेल तर पेनानं लिहून मग फोटो काढा. त्या वेळी छातीत दुखत होतं की नाही, कुठल्या गोळ्या चालू होत्या, तेही खाली लिहा. फोटो घरातल्या दोन माणसांच्या मोबाइलवर पाठवून ठेवा. त्यांतला एक तोडीला न जाणारा असू दे.